कानाचा पडदा दिसला का, हे आधी विचारायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अँटिबायोटिक्स उगाच दिली जातात यावर मध्यंतरी आपल्या पेपरात बरंच छापून आलं, वाचकांची पत्रंही आली, कुणी डॉक्टरांना दोष दिला, कुणी आईवडिलांना. त्यात एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं शिकाऊ डॉक्टरांना, म्हणजे इंटर्न आणि रेसिडेंट मुलामुलींना शिकवते. लहान मुलांना अँटिबायोटिक लिहून देण्याचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे कानाचं इन्फेक्शन, आणि माझं म्हणणं असंय की ते ओळखायचं कसं हेच आपण या शिकाऊ डॉक्टरांना धड शिकवत नाही. औषध कुठलं, डोस किती, किती दिवस, हे सगळं पाठ करून घेतो. पण कानात बघायचं कसं आणि जे बघितलं ते बरोबर होतं का, हे तपासायला कुणाला वेळ नाहीये.

एक प्रसंग सांगते. दीड वर्षाचं बाळ, दोन दिवस ताप, नाक थोडं वाहतंय, रात्रभर रडलेलं. रेसिडेंटने आईच्या मांडीवर बसल्या बसल्याच बाळाच्या कानात ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायची दिव्याची दुर्बीण, घातला, बाळाने मान झटकली, त्याने परत घातला, दोन सेकंद बघितलं, मग दुसरा कान, तिथेही तेवढंच. "मॅडम, दोन्ही टीएम कंजेस्टेड आहेत, ओटायटिस मीडिया, अमॉक्सिसिलिन लिहू का?" टीएम म्हणजे टिम्पॅनिक मेंब्रेन, आपला कानाचा पडदा, कंजेस्टेड म्हणजे लालसर, ओटायटिस मीडिया म्हणजे पडद्यामागच्या मधल्या कानाचं इन्फेक्शन, आणि अमॉक्सिसिलिन हे त्यावरचं अँटिबायोटिक. मी म्हटलं थांब जरा, मलाही बघू दे. आईला सांगितलं बाळाला छातीशी घट्ट धरा, एक हात बाळाच्या दोन्ही हातांवरून, दुसऱ्या हाताने डोकं छातीला टेकवून ठेवा, आणि मग बघितलं तर दोन्ही कानांत मळच मळ, पडद्याचा वरचा एवढासा कोपरा सोडला तर काहीच दिसत नव्हतं. त्याला जे लाल दिसलं ती कानाच्या नळीची कातडी होती, रडून रडून लाल झालेली.

तो खोटं बोलत नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचंय. हुशार मुलगा आहे, रात्री दोन वाजता उठवलं तरी कुरकुर न करता येणारा. त्याला मनापासून वाटत होतं की आपण पडदा बघितला, कारण "हा बघ, याला पडदा म्हणतात" असं त्याला तोवर कुणी दाखवलंच नव्हतं. आम्ही मळ काढला, त्यात पंधरा मिनिटं गेली, बाळ रडलं, आई वैतागली, बाहेरची लाइन वाढली, आणि आतमध्ये दोन्ही पडदे छान राखाडी, मोत्यासारखे, हवेचा हलकासा दाब दिला की हलणारे. कानात इन्फेक्शन नव्हतंच. मग ताप कशाचा म्हणून लघवी तपासली तर इन्फेक्शन तिथे निघालं. कानाचं समजून औषध सुरू केलं असतं तर ताप कदाचित उतरलाही असता, सगळे खूश झाले असते आणि लघवीचं दुखणं अर्धवट दबून तसंच राहिलं असतं.

आता मुळात हे असं का होतं ते बघा. ओटोस्कोपमधून एका वेळी एकच माणूस बघू शकतो. एक्सरे लावला की सगळे एकदम बघतात, सर बोट ठेवून दाखवतात इथे बघ, ही सावली. रक्ताचा रिपोर्ट सगळ्यांसमोर असतो. कानाचं तसं नाही. सर बघतात, म्हणतात "पडदा फुगलाय, बघ", विद्यार्थी डोळा लावतो, तोपर्यंत बाळाने मान फिरवलेली असते, त्याला गुलाबी काहीतरी दिसतं, मागे लाइन असते, तो म्हणतो "हो सर, दिसलं". सरांनी काय बघितलं ते त्याला माहीत नाही, त्याने काय बघितलं ते सरांना माहीत नाही. असे दोनशे कान बघितले तरी शिकणं होत नाही, चूक तेवढी पक्की होत जाते, आणि पुढे तोच मुलगा सर होऊन दुसऱ्यांना शिकवतो. मीही अशीच शिकले. पहिली किती वर्षं मी नेमकं काय बघत होते याचा विचार आला की आजही जिवाला लागतं.

हे फक्त माझ्या अनुभवाचं बोलणं नाहीये. अमेरिकेत २००१ साली एक अभ्यास छापून आला, त्यात पाचशेच्या वर बालरोगतज्ज्ञांना कानाच्या पडद्याचे व्हिडिओ दाखवून निदान विचारलं होतं. शिकाऊ नाही, प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. त्यांचं बरोबर आलं सरासरी ५० टक्के. कान-नाक-घशाच्या स्पेशालिस्टांचं ७३ टक्के. आणि ते व्हिडिओ होते बरं का, स्थिर, साफ, मळ नसलेले, समोर रडणारं पोर नाही. तज्ज्ञांची ही गत असेल तर आठवड्याला पन्नास मुलं बघणाऱ्या इंटर्नचं काय होत असेल.

लोकांना वाटतं कान लाल म्हणजे इन्फेक्शन. शिकाऊ डॉक्टरांनाही तेच वाटतं, कारण पुस्तकातल्या फोटोत लालभडक पडदा असतो आणि परीक्षेत तोच फोटो येतो. प्रत्यक्षात रंगावर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा. मूल रडलं की पडदा लाल होतो, ताप असला की होतो, मळ काढताना जरा धक्का लागला तरी होतो. खरी खूण आहे ती फुगण्याची. मधल्या कानात पू साठला की पडदा बाहेरच्या बाजूला ढकलला जातो, आणि पडद्याच्या मध्यभागी एक बारकं हाड आतून चिकटलेलं असतं, तेवढाच भाग मागे धरून ठेवलेला राहतो. गादीला मध्ये टाका घालून बटण लावलेलं असतं ना आणि बाजूने कापूस वर येतो, अगदी तसं दिसतं. रंग बऱ्याचदा लाल नसून पिवळट पांढरा असतो, कारण मागे पू असतो. एकदा हे नीट बघितलं की माणूस विसरत नाही. माझी एक विद्यार्थिनी पहिल्यांदा असा पडदा दिसल्यावर ओटोस्कोप हातात धरून नुसती उभी राहिली, मग म्हणाली, मॅडम म्हणजे याआधी मी ज्यांना ज्यांना इन्फेक्शन लिहिलं त्यातले बरेच हे नव्हते. तिचा चेहरा पडला होता, पण मला वाटलं आज ही शिकली.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची २०१३ ची गाइडलाइन आहे तीसुद्धा फुगवट्यालाच धरून चालते. पडदा चांगला फुगलेला असेल किंवा कान नव्याने वाहायला लागला असेल आणि ते वाहणं बाहेरच्या नळीच्या इन्फेक्शनमुळे नसेल, तर निदान करा. थोडाच फुगला असेल तर सोबत गेल्या ४८ तासांत सुरू झालेलं दुखणं किंवा पडद्याची गडद लाली हवी. आणि मधल्या कानात पाणी किंवा पू नसेल तर हे निदान करूच नका, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मूल कान ओढतंय एवढ्यावर तर काहीच ठरत नाही, दात येताना ओढतात, झोप आली की ओढतात, उगाचही ओढतात.

मधल्या कानात पाणी आहे की नाही हे कळण्यासाठी पडदा हलतो का ते बघावं लागतं. त्यासाठी ओटोस्कोपला एक बारकी रबरी नळी आणि फुगा लावायचा, कानात नीट बसणारं स्पेक्युलम, म्हणजे ओटोस्कोपच्या टोकाचं नरसाळं, घालायचं आणि फुगा अगदी हलकेच दाबून सोडायचा. मागे हवा असेल तर पडदा वाऱ्यावरच्या पडद्यासारखा आतबाहेर होतो. मागे पाणी असेल तर ढिम्म. ही काही नवी फॅशन नाहीये, एमिल झीगल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८६४ मध्ये हे तंत्र आणलं. दीडशे वर्षांपेक्षा जास्त झाली आणि तरी मी जिथे जिथे शिकवलं तिथे तो फुगा एकतर हरवलेला, नाहीतर चिरलेला, नाहीतर कपाटात पॅकिंगसकट पडलेला. रेसिडेंटना विचारलं तर निम्म्यांना वाटतं तो बीपीच्या मशीनचा सुटा भाग आहे. ओटोस्कोपची बॅटरी उतरलेली असते, दिवा पिवळा पडलेला असतो, आणि पिवळ्या उजेडात चांगला राखाडी पडदासुद्धा आजारी दिसतो. बॅटरी बदलायला पैसे लागतात म्हणावं तर तेवढेही लागत नाहीत, कुणी बघत नाही एवढंच.

हात कसा ठेवायचा हेसुद्धा शिकवायला लागतं. ओटोस्कोप पेनासारखा धरून हाताची कड मुलाच्या गालावर टेकवायची, म्हणजे मुलाने डोकं हलवलं तर हात सोबत जातो आणि टोक आत टोचत नाही. तान्ह्या बाळाचा कान मागे आणि खाली ओढायचा, मोठ्या मुलाचा मागे आणि वर, तेव्हा कुठे नळी सरळ होते. जेवढं मोठं स्पेक्युलम सहज बसेल तेवढं घ्यायचं, पोरं घाबरून सगळ्यात बारीक घेतात आणि मग त्यांना सुईच्या भोकातून जग दिसतं. पडदा जेमतेम एक सेंटिमीटरचा, तोही तिरका बसलेला, त्यामुळे एका जागी डोळा लावून सगळा दिसत नाही, टोक हळूहळू फिरवून चारी बाजू बघाव्या लागतात. हे सगळं पुस्तकात दोन ओळींत असतं. हाताला यायला महिने लागतात आणि कुणीतरी बाजूला उभं राहून रोज सांगावं लागतं.

आणि सगळ्यात आधी चांगले कान दाखवा. मी आता नव्या बॅचला पहिल्या दिवसापासून सांगते, ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान बघा, खोकल्याला आलंय तरी बघा, वजन करायला आलंय तरी बघा, अर्थात आईला विचारून. चांगला पडदा कसा असतो हे डोळ्यात बसल्याशिवाय बिघडलेला ओळखणार कसा? राखाडी, अर्धपारदर्शक, ट्रेसिंग पेपरमधून पलीकडचं अंधुक दिसावं तसा, खालच्या कोपऱ्यात उजेडाचा तिकोना. सुरुवातीला कंटाळतात, म्हणतात मॅडम सगळे नॉर्मलच आहेत. मी म्हणते तेच तर बघायचंय.

मग चिठ्ठीची पद्धत. रेसिडेंटने कान बघितला की मी बघायच्या आधी त्याने कागदावर लिहायचं, पडदा किती दिसला, रंग काय, फुगलाय की आत ओढलाय की जागेवर आहे, पलीकडचं दिसतं का, हलतो का. मग मी बघते आणि माझं वेगळ्या कागदावर लिहिते, आणि दोन्ही शेजारी ठेवतो. जिथे जुळत नाही तिथे परत दोघं बघतो, कधी माझं चुकलेलं असतं. साधी गोष्ट आहे पण याने "हो मॅडम, दिसलं" हे बंद झालं. कॅमेऱ्याचा ओटोस्कोप असेल तर याहून सोपं, स्क्रीनवर सगळ्यांना एकच पडदा दिसतो, आईलाही दिसतो, थांबवून बोट ठेवता येतं. एवढ्या डॉक्टरांना शिकवणाऱ्या हॉस्पिटलमध्ये असा एक तरी असायलाच हवा, तो काही चैनीची वस्तू नाही.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी तर यासाठी वेगळा अभ्यासक्रमच बनवला, पडद्यांचे भरपूर व्हिडिओ, प्रत्येकाचं निदान तज्ज्ञांनी पक्कं केलेलं, शिकणाऱ्याने आधी आपलं उत्तर द्यायचं आणि मग बरोबर काय ते बघायचं. तिथल्याच मंडळींनी २०११ मध्ये एक मोठी चाचणी छापली. सहा महिने ते दोन वर्षांखालची मुलं, निदान अगदी कडक निकषांनी, प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी केलेलं. निम्म्यांना अँटिबायोटिक, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. दहा-बारा दिवसांपर्यंत उपचार फसले असं ठरलेली मुलं औषधवाल्यांत १६ टक्के आणि प्लासिबोवाल्यांत ५१ टक्के. फिनलंडमध्ये टर्कूच्या डॉक्टरांनाही त्याच सुमारास असंच दिसलं. त्याआधीच्या बऱ्याच चाचण्यांत अँटिबायोटिकचा फायदा अगदी किरकोळ दिसत होता, आणि याचं एक कारण असं सांगतात की त्यांत निदानच ढिलं होतं, ज्यांना इन्फेक्शन नव्हतं तीही मुलं आत घेतलेली. म्हणजे ज्या लहान बाळाला खरंच आहे त्याला औषध उपयोगी पडतं, आणि ज्याला नाही त्याला जुलाब आणि अंगावर रॅश, शिवाय जंतू औषधाला निर्ढावतात ते वेगळंच.

थांबून बघण्याचंही तसंच. दोन वर्षांवरचं मूल आहे, फार दुखत नाही, ताप जास्त नाही, तर ताप-दुखण्याचं औषध देऊन दोन-तीन दिवस वाट बघता येते, बरीच मुलं आपोआप बरी होतात. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलातही एकाच कानाला असेल आणि त्रास कमी असेल तर आईवडिलांशी बोलून थांबता येतं. पण हे थांबणं कुणाला जमेल? ज्याने पडदा नीट बघितलाय त्याला. ज्याला नक्की काय दिसलं तेच सांगता येत नाही तो घाबरून औषध लिहिणार, मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं.

दुसऱ्या बाजूनेही चुकतं हे विसरून चालणार नाही. खरं इन्फेक्शन सुटलं आणि कानामागच्या हाडात गेलं तर कानामागे सूज येते, कान पुढे ढकलल्यासारखा दिसतो, ती इमर्जन्सी असते. आणि पू नसून नुसतं पाणी साठलेलं असतं तो प्रकार तर कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण त्यात ताप नाही, दुखणं नाही. इन्फेक्शन बरं झाल्यावरही कितीतरी मुलांच्या कानात महिनाभर पाणी राहतं, बहुतेकांचं तीन महिन्यांत जातं, काहींचं जात नाही. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर बघत नाही, बोलायला उशीर होतो, शाळेत लक्ष नाही म्हणून ओरडा खातं. अशा एका मुलाला सगळे महिनोन्महिने "ऐकत नाही, हट्टी आहे" म्हणून रागावत होते, त्याच्या आईने मला ते रडत सांगितलं. पडदा आत ओढलेला, मागे पिवळसर पाणी आणि दोन बुडबुडे. फुगा दाबला तर पडदा हलला नाही. त्याआधी तीन ठिकाणी कान बघून झाले होते.

आजकाल मोबाईलवर पडद्याचा व्हिडिओ घेऊन एआयने निदान सांगणारं ॲपही आलंय, २०२४ मध्ये पिट्सबर्गच्याच डॉक्टरांनी त्याचं काम छापलं, त्यांच्या चाचणीत ते ९० टक्क्यांच्या वर बरोबर आलं. मला याचा आनंदच आहे, शिकवायला फार कामाला येईल. पण मळ ॲप काढत नाही आणि बाळाला ॲप धरत नाही. कॅमेरा पडद्यापर्यंत नेणारा हात लागतोच.

तेव्हा आपल्या पेपरातून माझी शिकवणाऱ्या संस्थांना कळकळीची विनंती आहे की कान तपासणं हे सलाइन लावण्यासारखं किंवा टाके घालण्यासारखं हाताचं काम समजा, ते येतं का ते बाजूला उभं राहून बघा आणि आल्याशिवाय त्या शिकाऊ डॉक्टरला एकट्याने कानाचं औषध लिहू देऊ नका. मळ काढणं "ते ईएनटीवाल्यांचं काम" म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ढकलू नका, बालरोगाच्या प्रत्येक रेसिडेंटला मळ काढायची बारीक क्युरेट हातात धरता आली पाहिजे. ईएनटीच्या पोस्टिंगमध्ये त्याला मोठ्यांचे कान बघायला उभं करू नका, दोन वर्षांखालच्या मुलांचे दाखवा, कारण मधला कान आणि घसा जोडणारी आतली नळी आखूड आणि आडवी असल्यामुळे हा आजार होतो तो याच वयात सगळ्यात जास्त.

आईवडिलांनाही दोन शब्द. शिकाऊ डॉक्टरनंतर मोठ्या डॉक्टरांनी परत कान बघितला तर कृपा करून चिडू नका, तुमच्या बाळाचं निदान दोनदा तपासलं जातंय. बाळाला घट्ट धरा, सैल धरलं तर जास्त लागतं आणि जास्त वेळ जातो. आणि "कानात इन्फेक्शन आहे" असं सांगितलं की शांतपणे विचारा, डॉक्टर, पडदा पूर्ण दिसला का, फुगलाय का. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

सुरुवातीला ज्या रेसिडेंटचं लिहिलं तो आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा रात्रीच्या ड्यूटीतला त्याचा एक केसपेपर सकाळी माझ्यासमोर आला. अकरा महिन्यांचं बाळ, ताप. त्याने लिहिलं होतं, "डावा पडदा पूर्ण दिसला, राखाडी, जागेवर, हलतो. उजवा: मळ, चार आणे दिसला, निदान करता येत नाही. मळ काढायचा प्रयत्न केला, बाळ फार रडलं, थांबवलं. लघवी पाठवली आहे. सकाळी मॅडमसोबत परत बघणार." आम्ही दोघांनी सकाळी परत बघितला.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ आणि शिक्षिका